आमच्या अण्णाची चूक

नौबाद, बीदर
१४ जुलै २०२५

शैला,

मोठ्या भावाने धाकट्या बहिणीला लिहिताना आधी आशीर्वाद द्यायचा असतो. या खेपेला तो बाजूला ठेवतो. तू वाचून म्हणशील, आधी स्वतःचं तोंड बघ म्हणावं. म्हण.

माझा फोन तू उचलत नाहीस. परवा अव्वाच्या फोनवरून लावला, तर माझा 'हॅलो' ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पोस्टाने पाठवतोय.

हैदराबादहून तुला एक इंग्रजी पत्र आलं म्हणे. तुझ्या राजशेखररावांनी अव्वाला सांगितलं, अव्वाने मला. घाबरून जाऊ नकोस. वकिलांची भाषाच तशी असते, साधं 'कसे आहात' लिहायचं तरी दम दिल्यासारखं लिहितात. झालंय एवढंच, की आपलं 'अडतमित्र' मी फेब्रुवारीत हैदराबादच्या एका कंपनीला विकलं. तुला सांगायचं राहून गेलं, कामाच्या घाईत. धान्याच्या अडत दुकानांचं ते सॉफ्टवेअर आता त्यांचं, त्यामुळे ते कसं वापरायचं ते सांगणारं आपलं कन्नड पुस्तकही त्यांचं. आणि तू सासरी आळंदला तुझ्या क्लासमध्ये मुलींना त्याच पुस्तकाच्या झेरॉक्स काढून देतेस. कुणीतरी अडत्याने कंपनीच्या नंबरला फोन करून 'अक्काचं पुस्तक पाठवा' असं सांगितलं (बाजारात तुला सगळे अक्काच म्हणतात), आणि त्यांना वाटलं, ही कोण अक्का आपल्या पुस्तकाची नक्कल विकायलीय.

गैरसमज आहे, दुसरं काही नाही. तू फक्त दोन गोष्टी कर. त्या पत्राला उत्तर देऊ नको, आणि थोडे दिवस झेरॉक्स थांबव. बाकी मी बघून घेतो.

नागपंचमीला तुला आणायला येईन. अव्वाने लाडवांसाठी शेंगा आणून ठेवल्यात. दरवर्षी मीच येतो, या वर्षी आलो नाही तर लोक विचारतील.

तुझा,
अण्णा


नौबाद
२४ जुलै

शैला,

तुझा निरोप अव्वाने शब्दाला शब्द सांगितला. "त्याला इचार, पुस्तकावरचं माझं नाव कामून काढलं?" एवढाच. मी समोर जेवत बसलो होतो. अव्वा ताट उचलायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, छपाईवाल्याने काढलं असेल.

छपाईवाल्याने काढलं नाही. मी सांगितलं म्हणून त्याने काढलं. पहिल्या पानावर तुझं नाव होतं, खाली तुझा फोन नंबर होता, ते पान अख्खं काढ म्हणालो. विकताना कंपनीने विचारलं होतं, यातलं काय काय कुणी केलंय. मी लिहून दिलं, सॉफ्टवेअर आणि पुस्तक दोन्ही माझंच, दुसऱ्या कुणाचा हात नाही, कुणाचा हक्क नाही. खाली सही केली. दोन नावं आली की दोघांच्या सह्या, दोघांशी बोलणी, महिना-दोन महिने जास्तीचे. मला घाई होती. आणि खरं सांगायचं तर तुला विचारलं असतं, तर तू 'नको' म्हणाली असतीस. तुला ते पुस्तक विकायचं नव्हतंच कधी.

मागच्या पत्रात मी तीनदा 'आपलं' लिहिलं असेल. खोटं आहे हे ठाऊक असून लिहिलं. पुस्तक आपलं कधी होतं? तुझंच होतं. लग्नाआधी दोन वर्षं माझ्यासाठी तू कलबुर्गीच्या बाजारात दुकानादुकानात हिंडलीस. अडत्यांच्या गाद्यांवर बसून त्यांच्या मुनिमांना शिकवलंस. कुठल्या ठिकाणी माणूस अडतो, काय विचारतो, कशाला भितो, ते घरी येऊन लिहिलंस. मी खोलीत बसून प्रोग्रॅम करायचो आणि म्हणायचो, शैला लिहितेय काहीतरी, लिहू दे. काहीतरी! त्या काहीतरीमुळे लोकांनी अडतमित्र घेतलं. आधी मुनीम माझ्या सॉफ्टवेअरला हात लावायला तयार नव्हते. तुझं पुस्तक हातात पडलं आणि मग मशीन सुरू करायला लागले.

आणि मी ते कधी वाचलं नाही. हे तुला माहीत आहे. जगात तुला आणि अव्वालाच माहीत आहे. अप्पांनी मला मराठी शाळेसाठी उदगीरला मामाकडे ठेवलं, तुला इथे कन्नड शाळेत घातलं. घरात आपण दोन्ही बोललो, पण मला कन्नड अक्षरं लागली नाहीत ती नाहीतच. तू माझ्या जुन्या पुस्तकांवरून मराठी शिकलीस, मी मात्र तुझी पाटी कधी हातात घेतली नाही. बीदरमध्ये दुकान थाटून बसलेला माणूस आपल्या राज्याची लिपी वाचू शकत नाही, हे कुणाला सांगायची सोय आहे का? बसची पाटी मी रंगावरून ओळखतो. सरकारी कागद आला की म्हणतो, चष्मा विसरलो. चष्मा मला नाहीच.

सिद्धप्पा वकिलांना विचारून आलो. म्हणालो, एका मित्राची भानगड आहे. ते हसले. म्हणाले, "तुझा मित्र बहिणीला पगार देत हुता का?" मी म्हणालो, नाही, घरचंच काम होतं. "मग झालं. नोकरीत ठिवून लिहून घेतलं असतं तर पुस्तक त्याचं झालं असतं. फुकट राबवून घेतलं न्हवं, आता पुस्तक तिचंच. तिनं लिहून दिल्याबिगर कुणाला इकता येत न्हाई." म्हणजे बघ, तुला एक रुपया पगार दिला नाही, ती माझी कंजुषी आता तुझ्या कामी येणार. त्यांनी चहा सांगितला, मी तो न पिताच उठलो.

पंचमीला मी येत नाही. तू 'ये' म्हणालीस तरच येईन. अव्वाला सांगितलंय की गाडी दुरुस्तीला टाकलीय. गाडी दारात उभी आहे, तिला रोज दिसते.

तुझा,
अण्णा


नौबाद
६ ऑगस्ट

शैला,

पंचमी गेली. गल्लीत झोके बांधले होते, सगळ्यांच्या मुली आल्या होत्या. शेजारच्या भागम्मा मावशींनी विचारलं, "शैला आली न्हाई का गं यंदा?" अव्वा म्हणाली, "तिच्या सासरी काम हाय." अव्वाने खोटं बोलताना खाली बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

आज जे लिहायचंय ते मागच्या दोन्ही पत्रांत लपवलं होतं. जूनमध्ये कंपनीने मला विचारलं होतं, आळंदला शैलश्री नावाची कुणी बाई आमच्या पुस्तकाच्या प्रती वाटायलीय, तुम्ही ओळखता का. लग्नानंतरचं तुझं आडनाव वेगळं, गाव वेगळं. त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. मी म्हणालो, आमच्याकडे शिकून गेलेली कुणीतरी असेल.

कुणीतरी! माझी बहीण आहे म्हणालो असतो, तर ते पत्र तुझ्या दारात आलंच नसतं. मी म्हणालो नाही, कारण मग पुढचा प्रश्न आला असता की तिच्याकडे हे पुस्तक आलं कुठून. त्या एका प्रश्नाला मी भ्यालो आणि तुझ्या घरी वकिलाची नोटीस जाऊ दिली. तुझ्या सासूबाईंनी ती पोस्टमनच्या हातून घेतली, आणि "सून चोरी करते का काय" असं राजशेखररावांना विचारलं, हेही अव्वाने सांगितलं. चोरी कुणी केली, ते मला माहीत होतं.

पंचमी झाल्यावर अव्वा तुझ्याकडे दोन दिवस राहून आली. मी तिला पाठवलं नव्हतं. पण अडवलंही नाही. जाताना ती म्हणाली, "पोराला जेल हुतंय का काय बघते." मी म्हणू शकलो असतो की अव्वा, तसं काही होत नाही. परत आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "मिटलं. पुन्हा इचारू नको." मी विचारलं नाही. मिटलं हा शब्दच इतका गोड लागला की काय मिटलं, कसं मिटलं, हे कळून घ्यायची इच्छाच झाली नाही. त्या रात्री मी गाढ झोपलो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. कित्येक दिवसांनी इतका झोपलो.

मग कंपनीचं पत्र आलं. सोबत तू लिहून दिलेल्या कन्नड कागदाची प्रत आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. 'हे पुस्तक श्री. शिवशंकर यांनी लिहिले आहे. मी त्याची नक्कल केली. माझी चूक झाली. यापुढे मी ते वापरणार नाही.' खाली तुझी सही. तुझी सही मला कुठल्याही लिपीत ओळखू येते.

शैला, तू हे काय केलंस? तुझ्या बोटांनी तू हे कसं लिहिलंस?

मला वाटलं होतं, तू भांडशील. मनातून मी त्याचीच वाट बघत होतो. तू चिडून वकील केला असतास, माझं खोटं चव्हाट्यावर आणलं असतंस, तर मला रागवायला तरी जागा होती. तू मला तीही ठेवली नाहीस.

आणि काल कलबुर्गीहून तिप्पण्णांचा फोन आला, आपले पहिले गिऱ्हाईक. नमस्कार नाही, काही नाही. "शिवशंकर, काय करायलास तू? अक्कानं आळंदचा क्लास बंद केला म्हणं. माझ्या दुकानाची पोरगी अर्ध्यातनं परत आली की. पुस्तक बी काढून घेतलं तिच्याकडनं. कामून?" मी म्हणालो, कंपनीचे काही नियम आहेत. ते म्हणाले, "नियम तुझ्या कंपनीला सांग. आमाला शिकवलं कुणी, ते आमाला ठावं हाय. तू तर कधी दुकानाच्या आत बी आला न्हाईस."

उद्या हैदराबादला जातोय. सगळं सांगून येतो.

शिवशंकर


नौबाद
१९ ऑगस्ट

शैला,

सांगून आलो. पण मी समजत होतो तसं ते झालं नाही, म्हणून नीट लिहितो.

मला वाटलं होतं, खरं बोलायला धीर लागतो, एकदा बोललं की झालं. मी त्यांच्या ऑफिसात बसलो आणि एका दमात बोलून टाकलं. पुस्तक माझं नाही. मी खोटी सही केली. ज्या बाईंना तुम्ही नोटीस पाठवली, ती माझी धाकटी बहीण. पुस्तक तिचं, तिला मी पगार दिलेला नाही, तिने मला काही लिहून दिलेलं नाही. तिचा कागद खोटा आहे, माझ्यासाठी खोटा आहे.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही.

त्यांची वकीलबाई वयाने माझ्याएवढीच असेल. शांतपणे म्हणाली, आधी तुम्ही लिहून दिलं, पुस्तक माझं. मग तिने लिहून दिलं, पुस्तक तुमचं. दोन्ही कागद जुळतात. आता ती तुमची बहीण निघाली, आणि बहीण अडचणीत आली म्हणून तुम्ही शब्द फिरवताय. भाऊ म्हणून समजू शकते, पण मी कुठलं खरं धरू? एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं कुणी का ऐकावं? आणि तू, इतकं चांगलं खोटं लिहून ठेवलं होतंस.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, मला कन्नड वाचताच येत नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा मॅनेजर हसला. म्हणाला, आप तो बीदर के हैं. मी म्हणालो, हो, बीदरचाच. वकीलबाईने कपाटातून पुस्तक काढलं, मधेच कुठेतरी उघडलं, माझ्यासमोर ठेवलं. "पढ़िए."

न येण्याचं सोंग कुणीही करू शकतं, म्हणून मी ठरवलं, जेवढं येतं तेवढं खरोखर वाचायचं. बोट ठेवून वाचायला लागलो. एक अक्षर लागायचं, पुढच्याला अडायचो, मग मागे यायचो. पहिलीतली पोरं वाचतात तसं. हैदराबादचा त्यांचा एक कारकून शेजारी उभा होता. तेलुगू आणि कन्नड अक्षरं जवळजवळ सारखीच, त्यामुळे त्याला अर्थ लागत नव्हता तरी अक्षरं भराभर लागत होती. दुसऱ्या राज्यातला माणूस मला हळूच पुढचं अक्षर सांगत होता. मॅनेजरचं हसणं थांबलं होतं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. कुणाची तरी फजिती बघवत नाही, तसं.

कसाबसा दोन शब्दांपर्यंत पोचलो. 'नम्म अण्णा.' आमचा अण्णा. ते मात्र मला लगेच लागले. मी थांबलो. वकीलबाई म्हणाली, पुढे? पुढचं मला वाचता येईना, डोळ्यांपुढे दिसेना. तिने कन्नड येणाऱ्या श्रीदेवी नावाच्या मुलीला आतून बोलावलं. तिने वाचलं आणि हिंदीत सांगितलं. मी मराठीत लिहितो, तुला पाठच असेल:

'इथे बटण एकदाच दाबा. दोनदा दाबलं तर शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली दोनदा कापली जाते. ही आमच्या अण्णाची चूक आहे, तुमची नव्हे. त्याला सांगितलं आहे, पण तो फार कामात असतो. तोवर पट्टी देण्याआधी हमाली बघून घ्या. शेतकऱ्याला जास्तीची कापणी लागू देऊ नका आणि अण्णावर रागावू नका.'

तू मला ते तीनदा सांगितलं होतंस. आठवतंय. मी म्हणालो होतो, बघतो. ती चूक मी आजपर्यंत दुरुस्त केली नाही, आणि गेली सात वर्षं तुझ्या या पाच ओळी बाजारात ती सांभाळत बसल्यात. त्याच ओळींखाली मी माझं नाव घातलं.

श्रीदेवीने वाचून संपवलं. मग वकीलबाईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तिच्या या वाक्याने मला इतकं हलकं वाटलं, आणि इतकं मेल्यासारखं वाटलं, की कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते सांगता येणार नाही.

तुझ्यावरची नोटीस त्यांनी मागे घेतली. त्याचं पत्र या पाकिटात आहे, तुझ्या सासूबाईंना वाचून दाखव. दुसरं पत्र माझं आहे, मराठीत, सहीसकट. पुस्तक तू लिहिलंस, तुला विचारल्याशिवाय मी ते घेतलं, एवढंच त्यात आहे. क्लासच्या दारावर लावलंस तरी चालेल. कंपनीला पुस्तक पाहिजे असेल तर ती तुलाच लिहील. हक्क लिहून द्यायचा कोरा कागद ते माझ्याकडे देत होते, बहिणीची सही आणून द्या म्हणून. मी घेतला नाही. तू 'नाही' म्हणालीस तर माझा सौदा कदाचित मोडेल. मोडू दे. तो विचार तू करायचा नाहीस.

घरी येऊन अव्वाला सगळं सांगितलं. कन्नड वाचायला लावलं, तेही सांगितलं. ती तूर निवडत होती. तिचा हात थांबला. "वाचायला लावलं?" म्हणाली. मी 'व्हय' म्हणालो. मग तिने सुपाकडे बघतच सांगितलं, ज्या दिवशी तू तो कागद लिहून दिलास त्या दिवशी ती तुला म्हणाली होती, कामून लिहायलीस गं पोरी, पुस्तक तुझं हाय की. आणि तू म्हणालीस, "अव्वा, भांडण वाढलं तर अण्णाला चार माणसांत कन्नड वाचायला लावतील. त्याला येत न्हाई ते समद्यांना कळंल. पुस्तक काय, मी दुसरं लिहीन."

शैला, त्यांनी लावलं. मी वाचलं. तू तुझं पुस्तक देऊन जी लाज झाकलीस ती मी सगळ्यांसमोर उघडी करून आलो, आणि काही झालं नाही. बीदर आहे तिथंच आहे. एका प्रश्नाला भिऊन मी तुला ओळखत नाही म्हणालो. आणि माझ्या एवढ्याशा लाजेसाठी तू स्वतःला चोर म्हणवून घेतलंस. आपण एका आईची लेकरं, पण मला हे जमलं नसतं.

क्षमा मागत नाही. तू देऊन टाकशील, ती भीती वाटते.

माझ्या दुकानात पुस्तकाच्या काही प्रती अजून पडून आहेत, तुझं नाव काढलेल्या. त्या माझ्या नाहीत. त्यांचं काय करायचं, ते अव्वाजवळ सांगून ठेव.

शिवशंकर